दातांच्या दवाखान्यातलं निर्जंतुकीकरण : सामान धुण्यापासून नोंदवहीपर्यंत

निर्जंतुक केलेला माउथ मिरर आणि नुसता पुसून चकाचक केलेला माउथ मिरर शेजारीशेजारी ठेवले, तर कोणता कोणता हे डोळ्यांनी सांगता येत नाही. दातांच्या दवाखान्यातल्या संसर्ग-नियंत्रणाची खरी अडचण इथून सुरू होते. सामान स्वच्छ दिसतं, ऑटोक्लेव्हचा (दाबाखालच्या वाफेने सामान निर्जंतुक करणाऱ्या मशिनचा) दिवा लागतो, सामानाच्या सीलबंद पाऊचवरचा ठिपका रंग बदलतो आणि सगळं ठीक आहे असं गृहीत धरलं जातं. दवाखाना चालवणारे डॉक्टर, सामान धुणारे असिस्टंट आणि तपासणीला येणारे अधिकारी, सगळ्यांनी एकच प्रश्न हाताशी ठेवावा: रुग्णासमोर उघडलेलं हे पाऊच कोणत्या मशिनच्या कोणत्या फेरीतून आलं, आणि ती फेरी नीट झाली याचा लेखी पुरावा कुठे आहे? खालच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाचं उत्तर देता यावं म्हणून आहेत.

आधी सामानाची वर्गवारी

अर्ल स्पॉल्डिंग यांची वर्गवारी १९६८ पासून प्रमाण मानली जाते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेची २००३ ची दंतवैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वंही तिच्यावरच उभी आहेत. हाडात किंवा मांसात शिरणारं सामान, म्हणजे फोरसेप, एलिव्हेटर, स्केलर (दातांवरचा थर खरवडणारं हत्यार), ब्लेड, शस्त्रक्रियेचे बर (कोरायची फिरती टोकं), हे पहिल्या वर्गात. ते निर्जंतुकच हवं, तिथे दुसरा पर्याय नाही. तोंडाच्या त्वचेला लागणारं पण आत न शिरणारं सामान, जसं मिरर, इम्प्रेशन ट्रे, कंडेन्सर, दुसऱ्या वर्गात. आणि फक्त अखंड कातडीला लागणारं, जसं एक्स-रेचं डोकं किंवा बीपीचा पट्टा, तिसऱ्या वर्गात.

घोळ होतो तो दुसऱ्या वर्गात. कागदोपत्री या सामानाला उच्च दर्जाचं रासायनिक जंतुनाशन चालतं, आणि याच वाक्याचा आधार घेऊन मिरर नि ट्रे औषधात बुडवून ठेवले जातात. पण त्याच तत्त्वांत पुढे असंही आहे की उष्णता सहन करणारं सामान उष्णतेनेच निर्जंतुक करायचं. स्टीलचा मिरर उष्णता सहन करतो, म्हणून तो ऑटोक्लेव्हमध्येच जातो. रासायनिक मार्ग फक्त उष्णतेने बिघडणाऱ्या मोजक्या वस्तूंसाठी राखीव आहे. डिजिटल एक्स-रे सेन्सर हे नेहमीचं उदाहरण: त्यावर प्रत्येक रुग्णाला नवं आवरण, आणि आवरण काढल्यावर उत्पादकाने सांगितलेल्या जंतुनाशकाने सफाई. आवरण फाटू शकतं, म्हणून दुसरी पायरी गाळायची नाही.

तारेसारख्या बारीक फाईल, दातेरी बर, अॅक्रेलिकचे ब्रश या वस्तू नीट धुतल्याच जात नाहीत. रूट कॅनालच्या फाईल आणि रीमर एकाच रुग्णापुरते वापरावेत अशी सूचना इंग्लंडमध्ये २००७ साली दिली गेली, ती याच कारणाने. प्रायॉनसारखी (मेंदूचा आजार पसरवू शकणारी) प्रथिनं धातूला चिकटून राहतात आणि नेहमीच्या फेरीत पूर्ण नष्ट होत नाहीत. ज्या पाकिटावर एकदाच वापरायची खूण आहे, ती वस्तू ऑटोक्लेव्हमध्ये घालून परत वापरणं हा नियमभंग आहे, मग ती कितीही नवीकोरी दिसो.

खोलीची मांडणी

सामान एकाच दिशेने सरकलं पाहिजे: मळकं आत येणं, धुणं, वाळवून तपासणं, पाऊचमध्ये भरणं, ऑटोक्लेव्ह, साठवण. जागा लहान असली तर एकाच ओट्यावर डावीकडून उजवीकडे टेपने भाग आखून घ्या. मळक्या बाजूचं काहीही स्वच्छ बाजूने परत येता कामा नये आणि हात धुण्याचं बेसिन सामान धुण्याच्या बेसिनपेक्षा वेगळं हवं. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे उपचारांच्या खोलीतल्याच बेसिनमध्ये सामान घासणं आणि त्याच्या खालच्या कपाटात पाऊच ठेवणं. तिथे ओल, गळती आणि शिंतोडे तिन्ही एकत्र येतात.

धुणं: इथे चुकलं की पुढचं सगळं वाया

वाफेला पृष्ठभागापर्यंत पोहोचावं लागतं. वाळलेल्या रक्ताचा किंवा सिमेंटचा थर मधे आला तर त्याखालचे जंतू वाचतात. त्यामुळे काम रुग्ण खुर्चीवरून उठल्याबरोबर सुरू होतं. लगेच धुणं शक्य नसेल तर सामानावर एन्झाइमचा फेस किंवा फवारा मारून ते झाकणाच्या, न फुटणाऱ्या डब्यात ठेवा. ब्लीचमध्ये बुडवू नका, त्यातल्या क्लोरीनने स्टीलवर बारीक खड्डे पडतात आणि पुढे त्या खड्ड्यांतच घाण अडकते. ग्लुटराल्डिहाइडमध्ये तर मुळीच नाही, ते प्रथिनं धातूवर पक्की बसवतं. पहिलं पाणी ४५ अंशांच्या आत ठेवा. कढत पाण्यात रक्तातली प्रथिनं गोठतात आणि मग घासूनही निघत नाहीत.

हातात जाड, फाटायला कठीण असे युटिलिटी ग्लोव्ह्ज घाला. तपासणीचे पातळ हातमोजे इथे चालत नाहीत, प्रोबच्या टोकापुढे ते टिकत नाहीत. चष्मा, मास्क आणि पाणी न झिरपणारा अॅप्रनही हवा. हाताने घासायचंच झालं तर लांब दांड्याचा ब्रश वापरा आणि सामान पाण्याच्या पातळीखाली धरून घासा, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. तरीही हाताने घासणं हा शेवटचा पर्याय समजा. टोचण्याच्या दुखापतींपैकी पुष्कळशा खुर्चीजवळ न होता इथे बेसिनपाशीच होतात, आणि त्या टाळता येण्याजोग्या असतात.

अल्ट्रासॉनिक क्लीनर (ध्वनिलहरींनी द्रावणात बुडबुडे उठवून सामान साफ करणारी टाकी) असेल तर त्याची पद्धत ठरलेली आहे. टाकी खुणेपर्यंत भरा आणि ताजं द्रावण भरल्यावर सामान न घालता ५ ते १० मिनिटं चालवा, म्हणजे पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते. हवा राहिली तर बुडबुड्यांचा जोर कमी पडतो. बिजागरीचं सामान उघडून जाळीच्या टोपलीत ठेवा, तळाला थेट टेकवू नका, टोपली खच्चून भरू नका. झाकण लावूनच मशिन चालवा. सुट्या सामानाला साधारण ३ ते ६ मिनिटं पुरतात, कॅसेटला (सामानाच्या जाळीदार पेटीला) त्याहून जास्त. नेमका वेळ द्रावणाच्या आणि मशिनच्या पुस्तिकेत असतो. द्रावण किमान रोज बदला, आणि दिवसात गढूळ झालं तर तेव्हाच. क्रोमचा मुलामा दिलेलं जुनं सामान आणि स्टेनलेस स्टील एकत्र घालू नका, मुलामा उडालेल्या जागेचा गंज चांगल्या सामानावर चढतो.

टाकी काम करते का हे फॉइलने तपासा. घरगुती अॅल्युमिनियम फॉइलचा, टाकीच्या लांबीएवढा तुकडा उभा धरून बुडवा, तळाला टेकू देऊ नका. पुस्तिकेत दिलेला वेळ, बहुधा २० सेकंद ते १ मिनिट, मशिन चालवा. बाहेर काढून उजेडासमोर धरलं की सगळीकडे सारखे टोचे आणि बारीक भोकं दिसली पाहिजेत. एखादा पट्टा गुळगुळीत राहिला तर त्या बाजूचा ट्रान्सड्यूसर (लहरी सोडणारा भाग) थकलाय किंवा पाण्याची पातळी चुकलीय. तो फॉइलचा तुकडा तारीख घालून वहीत चिकटवून ठेवा, महिन्यामहिन्याला तुलना करायला उपयोगी पडतो.

धुतल्यावर वाहत्या पाण्याखाली खळबळून घ्या, कोरडं करा आणि भिंगाच्या दिव्याखाली पाहा. स्केलरची मान, फोरसेपचे दात, बिजागरी आणि मिररची कड या चार जागांवर नजर थांबू द्या. घाण दिसली की ते सामान परत पहिल्या पायरीवर.

पाऊच भरणं

पाऊच पाऊणच भरा. धारदार टोक प्लास्टिकच्या बाजूला टोचेल असं ठेवू नका. बिजागरी उघडी राहू द्या. चिकटपट्टीची घडी छापील रेषेवरच घाला, कागद आणि प्लास्टिक दोन्हींवर सारखी बसली पाहिजे. तिरकी बसलेली घडी ही गळती असते. स्टेपलर किंवा टाचणी लावली की त्या पाऊचला भोक पडलं, संपलं.

प्रत्येक पाऊचवर चार गोष्टी येतात: मशिनचा क्रमांक, फेरीचा क्रमांक, तारीख, भरणाऱ्याची आद्याक्षरं. कागदी बाजूवर बॉलपेनने लिहू नका, कागद फाटतो. प्लास्टिकच्या बाजूला, सीलच्या बाहेर मार्करने लिहा किंवा लेबल लावा.

ऑटोक्लेव्हमध्ये नेमकं काय होतं

वाफ सामानावर आदळून पाणी होते आणि होताना तिच्यातली प्रचंड सुप्त उष्णता एका झटक्यात सामानाला देते. जंतूंची प्रथिनं त्या ओल्या उष्णतेत काही मिनिटांत मोडतात. कोरड्या हवेत हेच काम १६० अंशांवर २ तास आणि १७० अंशांवर १ तास घेतं. ऑटोक्लेव्हच्या डब्यात कुठे हवेचा खिसा राहिला, तर तापमानाचा काटा बरोबर दिसत असूनही त्या खिशातलं सामान काही मिनिटांपुरतं कोरड्या गरम हवेत बसलेलं असतं. हँडपीसच्या (बर फिरवणाऱ्या, हातात धरायच्या यंत्राच्या) आतली नळी, सक्शनचं टोक आणि एकमेकांवर चेपलेले पाऊच ही हवा अडकण्याची ठरलेली ठिकाणं.

लहान वाफेच्या मशिनांसाठी युरोपचं ईएन १३०६० हे मानक ६० लिटरपर्यंतच्या डब्यांना लागू होतं. त्यात फेऱ्यांचे तीन प्रकार आहेत. ‘एन’ फेरीत हवा फक्त वाफेच्या जोराने ढकलली जाते, म्हणून ती केवळ न गुंडाळलेल्या, भरीव सामानासाठी. ‘बी’ फेरीत व्हॅक्यूम पंप हवा अनेक टप्प्यांत ओढून काढतो, त्यामुळे पाऊचमधलं, पोकळ आणि सच्छिद्र सामान त्यात चालतं. ‘एस’ फेरीत काय चालेल ते उत्पादक लिहून देतो, तेवढंच. हँडपीस पाऊचमध्ये घालून ‘एन’ फेरीत टाकणं ही वरवर निरुपद्रवी दिसणारी पण खरोखर मोठी चूक आहे.

व्हॅक्यूम मशिनमध्ये १३४ अंशांवर किमान ३ मिनिटं हे युरोपात रुळलेलं प्रमाण, सीडीसीच्या तक्त्यात १३२ अंशांवर ४ मिनिटं. सीडीसीच्याच तक्त्यात हवा ढकलणाऱ्या साध्या मशिनमध्ये गुंडाळलेल्या सामानाला १२१ अंशांवर ३० मिनिटं आहेत, युरोपच्या ‘एन’ फेरीत मात्र गुंडाळलेलं सामान चालतच नाही. ही मिनिटं तापमान गाठल्यानंतर मोजायची. गरम होणं, हवा काढणं, वाळवणं आणि थंड होणं हे सगळं धरलं तर एक फेरी सहज तासाच्या घरात जाते.

प्रेशर कुकरच्या धर्तीचे उभे ऑटोक्लेव्ह अजून पुष्कळ ठिकाणी आहेत. त्यांचा झडपेचा खेळ नीट समजून घ्या. पाणी उकळल्यावर झडप उघडी ठेवून वाफ सलग, जोरात आणि हवेच्या फुसफुशीशिवाय काही मिनिटं बाहेर येऊ द्या, मगच बंद करा. १५ पौंड दाबाला शुद्ध वाफ १२१ अंशांना असते. अर्धीच हवा बाहेर गेली असेल तर त्याच १५ पौंडांना तापमान ११२ च्या आसपास राहतं, आणि हवा अजिबात निघाली नसेल तर १०० च्या जवळ. दाबाचा काटा मात्र तिन्ही वेळा सारखाच दिसतो. ज्या मशिनला तापमापक नाही, फक्त दाबाचा काटा आहे, त्याची फेरी नीट झाली असं म्हणायला काही आधार नाही. शिवाय या मशिनमध्ये वाळवण्याची सोय नसते, त्यामुळे कागदी पाऊच ओलेच निघतात आणि ओल्या कागदातून जंतू आत झिरपतात.

भरताना पाऊच जाळीच्या कडेवर उभे लावा, एकाच्या कागदासमोर दुसऱ्याचं प्लास्टिक येईल असे. डब्याच्या भिंतीला टेकू देऊ नका. पाणी डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड, ईएन १३०६० नुसार १५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आतल्या विद्युतवाहकतेचं (क्षार कमी तर ती कमी). साध्या पाण्यातले क्षार आधी सामानावर पांढरे डाग पाडतात, मग झडपा आणि पंप खातात. वाळवण संपेपर्यंत दार उघडू नका. घाईत दार उघडून ओले पाऊच हवेवर वाळवले तर ते पाऊच बाद, नव्या पाऊचमध्ये भरून पूर्ण फेरी परत. दाराचं गास्केट (रबरी कडं) रोज ओल्या फडक्याने पुसा, त्यावर चिकटलेला एक धागाही व्हॅक्यूम गळवतो.

ज्यांना निर्जंतुकीकरण म्हणता येत नाही त्यांचीही नावं इथे घेतो. उकळतं पाणी बीजाणू (काही जंतूंचं कडक कवचातलं, चिवट रूप) मारत नाही. अतिनील दिव्याची पेटी फक्त साठवणीची, प्रकाश सावलीत पोहोचत नाही. काचेच्या मण्यांच्या भट्टीत टोक तापतं, बाकी दांडा थंड राहतो. २ टक्के ग्लुटराल्डिहाइडला बीजाणू मारायला साधारण १० तास लागतात, आणि त्यानंतर सामान निर्जंतुक पाण्याने खळबळावं लागतं, पाऊचमध्ये ठेवता येत नाही, स्पोअर टेस्टने (जिवंत बीजाणू घालून घेतलेल्या, पुढे सांगितलेल्या चाचणीने) तपासता येत नाही. वीस मिनिटं बुडवून काढणं म्हणजे फार तर जंतुनाशन झालं.

तीन पातळ्यांवरची तपासणी

पहिली पातळी मशिनचे आकडे. प्रत्येक फेरीचं तापमान, दाब आणि वेळ छापील पट्टीवर, मेमरी कार्डवर किंवा हाताने वहीत. पट्टी निघाली म्हणून भागत नाही, कोणीतरी ती वाचून सही केली पाहिजे. उष्णतेच्या कागदावरचा मजकूर काही महिन्यांत फिका पडतो, म्हणून तिचा फोटो किंवा झेरॉक्स काढून ठेवा.

दुसरी पातळी रासायनिक इंडिकेटर. आयएसओ १११४०-१ या आंतरराष्ट्रीय मानकात त्यांचे सहा प्रकार आहेत. पाऊचवर छापलेला ठिपका पहिल्या प्रकारचा. तो एवढंच सांगतो की पाऊच गरम झालं. निर्जंतुक झालं असं तो कधीच सांगत नाही, आणि याच ठिपक्यावर सर्वाधिक विसंबलं जातं. पाऊचच्या आत ठेवायची पाचव्या प्रकारची पट्टी वेळ, तापमान आणि वाफ तिन्हींना प्रतिसाद देते. शस्त्रक्रियेच्या सामानात ती ठेवाच. व्हॅक्यूम मशिनसाठी दिवसाच्या पहिल्या फेरीआधी बोवी-डिक किंवा हेलिक्स ही हवा नीट निघते का ते पाहणारी चाचणी लावा. हेलिक्समध्ये २ मिलिमीटर व्यासाच्या, दीड मीटर लांब नळीच्या टोकाला पट्टी असते, म्हणजे हँडपीसच्या पोकळीपेक्षा अवघड परीक्षा. पट्टीचा मधला भाग फिका राहिला तर हवा निघाली नाही. मग पंप, गास्केट आणि व्हॅक्यूम गळती तपासा. गळतीची मान्य मर्यादा मिनिटाला १.३ मिलिबार आहे.

तिसरी पातळी स्पोअर टेस्ट: जिवंत बीजाणूंची नळी फेरीत घालायची आणि नंतर उबवून ते मेले का ते पाहायचं. वाफेसाठी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस, कोरड्या उष्णतेसाठी बॅसिलस अॅट्रोफेयस. सीडीसीची शिफारस आठवड्यातून किमान एकदा, आणि इम्प्लांट असलेल्या प्रत्येक फेरीत. नळी नेहमीच्या भरलेल्या फेरीत ठेवायची, रिकाम्या डब्यात नाही, आणि वाफ पोहोचायला सर्वांत कठीण जागी, बहुधा खालच्या बाजूला दाराजवळ किंवा निचऱ्यापाशी. त्याच लॉटची, मशिनमध्ये न घातलेली दुसरी नळी सोबत उबवायची. ही कंट्रोल नळी वाढ दाखवणारच. तिच्यातही वाढ नाही दिसली तर बीजाणू आधीच मेलेले होते आणि तुमची चाचणी झालीच नाही. वहीत फक्त मशिनच्या नळीचा निकाल दिसला आणि कंट्रोलचा रकाना रिकामा दिसला, तर ती नोंद मान्य करू नका.

स्पोअर टेस्ट फेल झाली तर

मशिन लगेच बाजूला घ्या, त्यावर ‘वापरू नये’ची पाटी लावा. मागच्या नोंदी पाहा: फेरी कोणती निवडली होती, डबा किती भरला होता, पट्टीवरचे आकडे काय. त्याच पद्धतीने, त्याच प्रकारच्या भरलेल्या फेरीत चाचणी परत करा. दुसऱ्यांदा निकाल स्वच्छ आला आणि बाकी दोन पातळ्याही ठीक असल्या, तर चूक बहुधा भरण्यात होती. मशिन परत वापरात घ्या, पण कारण वहीत लिहा. दुसऱ्यांदाही फेल झाली, तर मशिन दुरुस्तीशिवाय चालू करायचं नाही. शेवटच्या स्वच्छ निकालानंतरच्या सगळ्या फेऱ्यांमधले शिल्लक पाऊच गोळा करून परत निर्जंतुक करायचे. दुरुस्तीनंतर रिकाम्या डब्यात सलग तीन फेऱ्यांचे स्पोअर निकाल स्वच्छ आल्यावरच मशिन रुग्णांसाठी.

इथे पाऊचवरच्या फेरी-क्रमांकाचं मोल कळतं. क्रमांक असेल तर नेमके पाऊच वेगळे काढता येतात आणि त्यातलं सामान कोणत्या रुग्णाला लागलं हे केसपेपरवरून सांगता येतं. क्रमांक नसेल तर दवाखान्यातलं सगळं सामान संशयित.

हँडपीस

एअरोटर (हवेच्या जोराने फिरणारा वेगवान हँडपीस) थांबताना आतला टर्बाइन काही क्षण फिरत राहतो आणि तोंडातली लाळ-रक्त हँडपीसच्या डोक्यात ओढून घेतो. बाहेरून पुसून हे निघत नाही. म्हणून प्रत्येक रुग्णानंतर हँडपीस उष्णतेने निर्जंतुक करायचा. हवेच्या-पाण्याच्या नळीवरून सुटा होणारा लो-स्पीड मोटरसुद्धा याच नियमात येतो, सीडीसीने २०१८ मध्ये ते वेगळं स्पष्ट केलं.

क्रम असा: बर लावलेला असतानाच २० ते ३० सेकंद हवा-पाणी सोडा, बाहेरून पुसा, मग बर काढा आणि हँडपीस सुटा करा. वाहत्या पाण्याखाली किंवा उत्पादकाने सांगितलेल्या फवाऱ्याने सफाई करा, अल्ट्रासॉनिकमध्ये किंवा औषधात बुडवू नका, बेअरिंग जातात. मग तेल घाला आणि जास्तीचं तेल हवेने उडवून काढा. तेल आत साचलं तर ऑटोक्लेव्हमध्ये ते जळून चिकट थर बसतो आणि वाफही अडते. पाऊच, ‘बी’ फेरी, आणि पूर्ण थंड झाल्यावरच वापर. गरम हँडपीस पाण्याखाली धरून थंड करू नका.

बहुतेक पळवाटा इथेच निघतात आणि त्यांचं कारण साधा हिशोब असतो. एका खुर्चीवर दर अर्ध्या तासाला रुग्ण, आणि सफाई-फेरी-थंड होणं मिळून दीड ते दोन तास. म्हणजे कोणत्याही क्षणी तीन-चार हँडपीस वाटेवर, एक वापरात, एक राखीव. एका खुर्चीला सहा हवेत. दोनच असतील, तर ते दोन रुग्णांच्या मधे स्पिरिटने पुसले जात आहेत, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. नियमाचा आग्रह धरताना आधी संख्येचा आग्रह धरा.

खुर्चीतलं पाणी

खुर्चीच्या बारीक नळ्यांत पाणी हळू वाहतं, रात्रभर तर थांबूनच राहतं, आणि नळीच्या भिंतीवर जंतूंचा चिकट थर वाढतो. पिण्याच्या पाण्याचंच मानक इथे लावतात: एका मिलिलिटरमध्ये ५०० पेक्षा जास्त कॉलनी नकोत. न सांभाळलेल्या नळ्यांत हा आकडा कित्येक पटींनी वर जातो. अमेरिकेत २०१५ मध्ये जॉर्जियात आणि २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात पल्पोटॉमी (दाताच्या आतला खराब गर काढणं) झालेल्या लहान मुलांना मायकोबॅक्टेरियम अॅब्सेससचे गंभीर संसर्ग झाले, ते खुर्चीच्या पाण्यातून. इटलीत २०११ मध्ये एका ८२ वर्षांच्या बाईंचा लिजनेअर आजाराने मृत्यू झाला, तेव्हाही त्या आजाराचा जंतू दवाखान्याच्या पाण्यात सापडला.

वेगळी बाटली असलेली खुर्ची घ्या, बाटली रात्री रिकामी करून कोरडी ठेवा, उत्पादकाने सुचवलेलं द्रव्य ठरलेल्या प्रमाणात वापरा. प्रत्येक रुग्णानंतर २० ते ३० सेकंद पाणी सोडा, पण नुसतं पाणी सोडून भिंतीवरचा थर जात नाही हे लक्षात असू द्या. थर काढायला जोरदार मात्रेची शॉक ट्रीटमेंट लागते. तिचा परिणाम झाला की नाही हे नमुना तपासूनच कळतं, आणि नमुना प्रत्येक खुर्चीचा घ्यायचा. हाड उघडं पडणाऱ्या कामात खुर्चीचं पाणी वापरायचंच नाही. तिथे निर्जंतुक सलाइन, आणि तेही निर्जंतुक सिरिंजमधून किंवा वेगळ्या नळीतून. निर्जंतुक सलाइन खुर्चीच्या बाटलीत ओतलं तरी नळ्या त्याच असतात.

पृष्ठभाग आणि माणसं

दिव्याची मूठ, स्विच, थ्री-वे सिरिंजची (हवा-पाणी फवारणाऱ्या नळीची) बटणं यांवर आवरण घाला आणि दर रुग्णाला बदला. बाकी पृष्ठभाग आधी साफ, मग जंतुनाशक. द्रावणाच्या लेबलवर जेवढी मिनिटं लिहिलीत तेवढा वेळ पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे. स्पिरिट त्याआधीच उडून जातं. रक्त दिसत असेल तिथे क्षयाच्या जंतूंवर चालणारं द्रावण घ्या.

सामान हाताळणाऱ्या प्रत्येकाचे हेपटायटिस-बी लशीचे तीन डोस पूर्ण हवेत, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (लशीने तयार झालेली प्रतिपिंडं) १० mIU/mL किंवा त्याहून जास्त आल्याचा रिपोर्ट फाइलमध्ये हवा. सुईचं टोपण एका हाताने उचला किंवा टोपणाचा स्टँड वापरा. धारदार कचऱ्याचा डबा खुर्चीजवळच ठेवा आणि पाऊण भरला की बंद करा. सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवा, दाबून रक्त काढू नका, लगेच डॉक्टरांचा सल्ला घ्या. एचआयव्हीवरची प्रतिबंधक औषधं तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही.

तपासणी कशी करावी

नियम पाळले जातात का हे भिंतीवरच्या फलकांवरून कळत नाही. बाहेरून येणारे अधिकारी आणि महिन्याला स्वतःची तपासणी करणारा दवाखाना, दोघांनी हेच करावं.

ड्रॉवरमधून कुठलाही एक पाऊच उचला. लेबलवरून फेरीची नोंद काढायला लावा: आकडे, सही, आतल्या पट्टीचा निकाल, त्या आठवड्याची स्पोअर टेस्ट आणि तिची कंट्रोल. पाच मिनिटांत हे सगळं समोर आलं तर साखळी जिवंत आहे.

मग एक दिवस निवडा. त्या दिवशी किती रुग्णांवर हँडपीस वापरला, दवाखान्यात हँडपीस किती, फेऱ्या किती झाल्या आणि त्यांत हँडपीसचे पाऊच किती गेले, हे चार आकडे शेजारीशेजारी लिहा. ते जुळत नसतील तर बाकी कागदपत्रं कितीही नीटनेटकी असोत, उत्तर मिळालेलं आहे.

वही उलट बाजूने वाचा. महिनाभर एकही चूक, एकही ओलं पाऊच, एकही रद्द फेरी नसेल तर संशय घ्या. रोज चालणाऱ्या मशिनमध्ये अधूनमधून काहीतरी बिघडतंच. एकाच शाईत, एकाच बैठकीत भरल्यासारखी पानं ओळखू येतात.

असिस्टंटला फेरी लावून दाखवायला सांगा, तोंडी विचारू नका. सामान कुठे ठेवतात, दार कधी उघडतात, ग्लोव्ह्ज कधी बदलतात हे हातांतून कळतं. शेवटी विचारा, पट्टी फेल दिसली तर मशिन बंद करायचा अधिकार कोणाला आहे? त्याचं उत्तर ‘डॉक्टर येईपर्यंत थांबतो’ असं असेल तर लेखी कार्यपद्धतीत बदल करून घ्या: फेल निकाल ज्याला पहिल्यांदा दिसेल त्यानेच मशिन बंद करायचं, पाटी लावायची, वेळ लिहायची आणि मग डॉक्टरांना कळवायचं.

लेबल नसलेला, फाटलेला, ओला किंवा जमिनीवर पडलेला प्रत्येक पाऊच तपासणीच्या दिवशीच परत धुण्याच्या बेसिनकडे पाठवा, आणि किती पाठवले तो आकडा त्याच वहीत लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात तुलना त्याच्याशी करायची.